'रानातच व्यायाम होतो' : एका लाडक्या समजुतीचं खंडन

गावाकडच्या माणसाला व्यायामाची गरज नाही, हे वाक्य आपल्याकडे इतक्या तोंडांतून आणि इतक्या वेगवेगळ्या हेतूंनी बोललं जातं की ते खरंच असावं असं वाटू लागतं. पुण्यात ट्रेडमिलवर पळणारा चाळिशीचा इंजिनिअर ते हळहळून म्हणतो. बीड जिल्ह्यात धर्मापुरीला राहणारा त्याचा चुलता तेच अभिमानाने म्हणतो : 'आमाला कशाला व्यायाम? दिवसभर रानात राबतो की.' डॉक्टर घाईत असले की तेही म्हणतात. आणि पी.टी.च्या तासाला गणित उरकून घेणारे मास्तर म्हणतात, पोरं घरी कामं करतातच, वेगळं खेळायला कशाला हवं?

परळी-अंबाजोगाईच्या टापूतलं हे गाव. बाहेरची माणसं इथे केदारेश्वराचं चालुक्यकालीन मंदिर आणि किल्ला बघायला येतात. पण या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात हिंडलं तर एकाच गल्लीत चार तऱ्हेची शरीरं भेटतात : बागायतदाराचं, ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याचं, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोराचं आणि ओट्यावर बसलेल्या म्हातारीचं. 'रानातच व्यायाम होतो' हे वाक्य या चौघांनाही सारखंच लागू केलं जातं. तिथेच ते फसतं.

शास्त्रार्थाची जुनी रीत अशी, की समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षाही चांगलं मांडून दाखवावं आणि मगच खोडावं. तेव्हा आधी पूर्वपक्ष.

या समजुतीच्या मागे नुसता गावरान अभिमान नाही. व्यायाम आणि हृदयरोग यांचं आधुनिक शास्त्र सुरू झालं तेच मुळी कामाच्या जागेवरून. जेरी मॉरिस या संशोधकाने १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये लंडनच्या दुमजली बसवरच्या हजारो कामगारांचा अभ्यास छापला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा जिने चढउतार करून तिकिटं फाडणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. दोघांची नोकरी एकाच कंपनीची, राहणीमान साधारण सारखं, फरक जिन्याचा. पूर्वपक्षाचा दुसरा साक्षीदार तर आणखी भारी आहे. 'प्युअर' नावाच्या अभ्यासात १७ देशांतली १ लाख ३० हजारांवर माणसं होती, त्यांत भारतही होता. २०१७ साली त्याचे निष्कर्ष आले : शरीराची हालचाल फुरसतीतली असो की कामाची, घरची किंवा जाण्यायेण्याची, तिच्याने मृत्यूचं आणि हृदयविकाराचं प्रमाण घटतं. मैदानावर जायला ज्यांना सवड नाही अशा गरीब देशांसाठी ही दिलाशाची बातमी होती.

शिवाय घरचा पुरावा असतोच. नव्वदीतही पाणंदीने चालत जाणारे आजोबा प्रत्येक गावात एखादे निघतात. आणि आता तर जिल्ह्याला अविनाश साबळे मिळाला आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांचा मुलगा. शाळेपर्यंत कैक किलोमीटर तंगडतोड करणारा हा पोरगा २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं रौप्यपदक घेतो आणि २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पळतो. म्हणजे कष्टाने शरीर घडतं, हे सिद्धच झालं की!

यातला एकही पुरावा खोटा नाही. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

पहिला प्रश्न साधा आहे. ज्या कष्टाच्या भरवशावर हे वाक्य उभं आहे, तो कष्ट आता कोण करतं? नांगरट ट्रॅक्टरची, पेरणी ट्रॅक्टरची. सोयाबीनमध्ये खुरपणीच्या जागी तणनाशक आलं. रानात जायचं ते मोटरसायकलवर, आणि विहिरीवरची मोटर चालू करायला तर जायचंही नाही. मोबाइलवरून स्टार्टरला फोन लावला की पाणी सुरू. दहा-बारा एकराच्या बागायतदाराने प्रामाणिकपणे आपला दिवस मोजला तर त्यात चहाच्या टपरीचे, कृषी सेवा केंद्राचे आणि तालुक्याच्या फेऱ्यांचेच तास जास्त भरतील. रात्रीची लाइट असली तर दारं धरायला जागरण होतं ते वेगळं, पण जागरणाला कुणी व्यायाम म्हणत नाही. तरी तो स्वतःला 'राबणारा' समजतो, कारण त्याचा बाप राबत होता. बापाचा आहार तेवढा त्याने जसाच्या तसा चालू ठेवला आहे.

ही टवाळी नाही, याला आकडा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीने शारीरिक हालचालीचे निष्कर्ष २०१४ साली दिले. त्यात तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगड इथली १४ हजारांवर माणसं होती. शहरात निष्क्रिय निघाले ६५ टक्के. आणि खेड्यात? ५० टक्के. खेड्यातला दर दुसरा माणूस पुरेसा हलत नव्हता. त्यानंतर दशक उलटून गेलं. गावातल्या मोटरसायकली काही कमी झालेल्या नाहीत. त्याच 'इंडियाब'च्या २०२३ सालच्या अहवालात देशातल्या मधुमेहींचा अंदाज १० कोटींच्या वर गेला. साखर ही शहरातली बिमारी, असं म्हणणाऱ्याने तालुक्याच्या दवाखान्यात सोमवारी सकाळी जाऊन रांग बघावी.

आता मॉरिसकडे वळू. बसकंडक्टरांचं उदाहरण देणारे बहुतेक जण त्याचा पुढचा निबंध वाचत नाहीत. १९५६ साली त्याने बसकामगारांच्या गणवेशांची मापं काढली. कंपनीकडे विजारींच्या कमरेचे आकडे नोंदलेले होतेच. त्यावरून दिसलं की ड्रायव्हर कंडक्टरांपेक्षा कमरेने जाड होते, आणि तेही नोकरीला लागतानाच. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नव्हतं. कोण कुठल्या कामाला जातो, तिथेच थोडी निवड होत होती. आपल्याच गाजलेल्या निष्कर्षाला विजारीची मापं लावून तपासणारा संशोधक मला त्या पहिल्या शोधाइतकाच मोठा वाटतो.

हीच निवड आपल्या रानात चालू असते. फडात, भट्टीवर, बांधावर आपल्याला जी काटक, सडसडीत माणसं दिसतात ती कष्टाने काटक झाली, असं आपण धरून चालतो. पण ज्याची कंबर गेली तो फडात दिसत नाही, तो घरी असतो. जिचे गुडघे गेले ती खुरपायला येत नाही. नव्वदीचे आजोबा पाणंदीवर दिसतात. त्यांच्याबरोबर राबून पंचावन्नाव्या वर्षी गेलेले त्यांचे सोबती दिसायचा प्रश्नच येत नाही. उरलेल्यांना बघून कष्टाचा गुण ठरवला तर उत्तर नेहमी कष्टाच्याच बाजूने येणार.

साबळेचंही तसंच. वीटभट्टीवर राबणाऱ्यांची हजारो पोरं मराठवाड्यात आहेत. कष्टाने धावपटू होत असते तर पदकं ठेवायला जागा पुरली नसती. साबळे सैन्यात गेला आणि तिथे २०१५च्या सुमारास स्पर्धेच्या धावण्याला लागला. म्हणजे त्याला प्रशिक्षक मिळाला, ठरलेलं वेळापत्रक मिळालं, पोटभर खाणं मिळालं, आणि धावून झाल्यावर झोपायची मुभा मिळाली. यातली एकही गोष्ट वीटभट्टीवर मिळत नाही. त्याची गोष्ट पूर्वपक्षाने सांगितली खरी, पण ती माझ्या बाजूची साक्ष आहे.

मग कामाचे कष्ट आणि व्यायाम यांत शरीराला नेमका काय फरक कळतो? घाम तोच, धाप तीच. डेन्मार्कच्या आंद्रेआस होल्टरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा बरीच वर्षं पिच्छा पुरवला. कोपनहेगनमधल्या १ लाख ४ हजार माणसांचा सुमारे १० वर्षांचा हिशेब त्यांनी २०२१ साली मांडला. फुरसतीत भरपूर व्यायाम करणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण, न करणाऱ्यांच्या मानाने, सुमारे ४० टक्क्यांनी कमी. कामावर अतिशय जड श्रम करणाऱ्यांत मात्र ते बैठ्या कामवाल्यांपेक्षा २७ टक्क्यांनी जास्त, आणि हृदयविकाराचे गंभीर प्रसंग ३५ टक्क्यांनी जास्त. कारणं समजायला सोपी आहेत. अर्धा तास पळून आलेल्या माणसाचं हृदय पळताना जोरात चालतं आणि उरलेला दिवसभर शांत राहतं. आठ-दहा तास ओझी वाहणाऱ्याची नाडी दिवसभर चढलेली राहते. ओझं पेलून धरताना रक्तदाब वर जातो, आणि खाली यायला सवड मिळण्याआधीच दुसरं ओझं येतं. दिवसभराच्या कामात माणसाने आपल्या जास्तीत जास्त कुवतीच्या साधारण एक-तृतीयांशावर राहावं, असं श्रमशास्त्र सांगतं. ही मर्यादा फडाला माहीत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. डेन्मार्कमध्येसुद्धा जड काम गरिबाच्याच वाट्याला येतं. तो सिगारेट जास्त ओढतो, हलकं खातो, डॉक्टरकडे उशिरा जातो. तेव्हा दोष श्रमाचा की गरिबीचा? संशोधकांनी हे घटक हिशेबातून वजा करण्याचा प्रयत्न केला, पण गरिबी संपूर्ण वजा करता येईल असं गणित अजून निघालेलं नाही. 'प्युअर'चे आकडे तर उलटच दिशेने बोट दाखवतात. मी हा आक्षेप मान्य करतो. मान्य करून एवढंच विचारतो, की त्याने पूर्वपक्ष वाचतो का? गरिबीसकट केलेला कष्ट माणसाला तारत नाही, असं जर तुम्हीच म्हणत असाल, तर धर्मापुरीतला कष्ट गरिबीवाचून कुठे होतो? आणि 'प्युअर'ने मोजले ते मृत्यू आणि हृदयाचे रोग. गुडघा, मणका, मूत्रपिंड, बाईचं अंग बाहेर येणं, यांचा हिशेब त्या वहीत नाही. रानापर्यंत चालणं, पाणी शेंदणं, अंगण झाडणं हृदयाला चांगलं आहे, याबद्दल माझा वाद नाही. माझा वाद आहे तो 'म्हणून पुरेसं आहे' या पुढच्या तीन शब्दांशी.

ऊसतोडीचा फड एकदा जवळून बघावा. दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातून ट्रक भरभरून माणसं पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात ती चार-सहा महिन्यांसाठी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो बुडख्याशी वाकून ऊस छाटतो. ती पाचट सोलते, वाढे तोडते, वाढ्यांनाच पीळ देऊन बंध करते आणि मोळी आवळते. मोळी वीस-पंचवीस किलोंची असते, कधी चाळिसाच्या घरात जाते. ती डोक्यावर चढताना बाई श्वास रोखून धरते, हनुवटी छातीकडे ओढते, मानेच्या दोन्ही शिरा फुगतात. ट्रकला फळी लावलेली असते. ओझ्यासकट त्या फळीवरून चढायचं. प्रत्येक पावलाला फळी खाली दबते आणि वर उसळते, तिच्याशी पावलाचा ताल जमवायचा. मोळी टाकून उतरायचं, दुसरी घ्यायची. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. आजारपणाचा दिवस म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पहाटे उठून भाकरी थापलेली असते तीही हीच बाई.

हिला व्यायामाची गरज नाही, हे खरंच आहे. पण 'व्यायाम होतोच' असं म्हणून आपण हिच्या खात्यावर आरोग्य जमा करतो, ते कशाच्या आधारावर? २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये देशभराचं हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास असतं. दोन्ही पाहण्यांचे वयोगट तंतोतंत जुळत नाहीत, तरी एवढी दरी नुसत्या वयाने भरून निघत नाही. यात कॅन्सरची भीती घालणारे दवाखाने आहेत, खाड्याची धास्ती आहे, फडात आडोसा आणि पाणी नसणं आहे. आणि ज्या शरीराकडून मोळ्या उचलून घ्यायच्या आहेत त्याने महिन्यातले चार दिवस अडवू नये, असा कोरडा हिशेबही आहे. त्याच राष्ट्रीय पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. रक्त नसलेल्या शरीराला ओझं बळकट करत नाही.

जगात दुसरीकडेही ऊस तोडला जातो. एल साल्वादोर आणि निकाराग्वामध्ये मधुमेह नाही, रक्तदाब नाही, अशा तरण्याताठ्या ऊसतोड्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली, तेव्हा डॉक्टर चक्रावले. बोट गेलं ते उन्हाकडे, पाणी न पिता केलेल्या अतिश्रमाकडे. मग एल साल्वादोरमधल्या एका कारखान्याच्या फडात साधा प्रयोग झाला : हलवता येणारा मांडव, पाठीवर पाण्याची पिशवी, ठरलेल्या वेळी सक्तीची विश्रांती. माणसांचा त्रास कमी झालाच, शिवाय दिवसाची तोड घटण्याऐवजी वाढली. विश्रांती दिली तर धंदा बुडतो, या समजुतीवरही एक लेख लिहायला हवा. पण तो कारखान्याच्या चेअरमनसाहेबांनी वाचायचा.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांना ही गोष्ट परकी नव्हती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सातव्या अध्यायात, व्यायामाचे गुण सांगितले आहेत, तो मात्रेतच करावा असंही सांगितलं आहे, आणि मग व्यायाम कुणी करू नये याची यादी दिली आहे. त्या यादीत ओझी वाहून आणि वाट चालून कृश झालेले आहेत, उपाशी आहेत, तहानलेले आहेत, शोकाने आणि भयाने ग्रासलेले आहेत. म्हणजे ओझं वाहणं हा व्यायाम, असं चरक मानत नाही. ओझं वाहणाऱ्याला तो व्यायाम बंद करायला सांगतो. ऊसतोड्या बाईला 'रोज सकाळी अर्धा तास चालत जा' असा सल्ला देणारा आजचा डॉक्टर म्हणूनच पूर्वपक्षाइतकाच चुकतो. असा सल्ला ऐकून ती बाई पदर तोंडाला लावून हसते, आणि तिचं हसणं शास्त्राला धरून असतं. तिचं औषध जेवण, लोह, झोप आणि भरपगारी सुट्टी हे आहे.

पण ऋषींचं म्हणणं म्हणून सगळंच पदरात घ्यायचं नसतं. त्याच यादीत बालक आणि वृद्धही आहेत, आणि तिथे मला चरकाची साथ सोडावी लागते. नेमक्या या दोन वयांतच आपल्या गावांचं सर्वांत जास्त नुकसान होतं.

आधी मुलींचं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची मार्गदर्शक तत्त्वं ५ ते १७ वयाला रोज सरासरी एक तास दमवणारी हालचाल सांगतात, आणि आठवड्यातून तीन दिवस हाडं-स्नायू बळकट करणारी. म्हणजे उड्या, लंगडी, खो-खो, दोरी. हाडांचा बहुतेक साठा विशीपर्यंत जमतो; पुढे उरतं ते मुख्यतः राखणं. मुलगी पाचवी-सहावीपर्यंत गल्लीत लंगडी घालते. पाळी आली की उड्या बंद, 'घोडी झालीस आता' सुरू. तिथून पुढे ती भांडी घासते, पाणी भरते, धाकट्याला कडेवर घेऊन फिरते. जगभरच्या किशोरवयीनांच्या हालचालीचा मोठा हिशेब २०१९ साली छापून आला, त्यात पाचातली चार मुलं अपुरी हलत होती. भारत आणि बांगलादेशातल्या मुली त्या यादीत तुलनेने बऱ्या दिसल्या, आणि त्याचं संभाव्य कारण म्हणून पुढे आलं ते त्यांच्या अंगावर पडणारं घरकाम. धुणीभांडी करणारी पोर कागदावर 'सक्रिय' ठरते ती अशी. हाडांना हवी असलेली उडी, फुफ्फुसांना हवी असलेली धाव आणि मैत्रिणीशी भांडून जिंकलेला डाव, यांतलं काहीच तिला मिळालेलं नसतं. बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं, हेही त्याच राष्ट्रीय पाहणीत आहे. फडावर एकट्याचा अर्धाच कोयता धरतात, जोडपं झालं की पूर्ण कोयता. लंगडी घालणारी पोर मधल्या काही वर्षांतच मोळीखाली जाते.

मुलांचं दुखणं वेगळं. पहाटे पाचला या भागातल्या कुठल्याही डांबरी रस्त्यावर निघा, अंधारात बुटांचे आवाज येतात. भरतीची पोरं. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मला या पोरांचं कौतुक आहे. गावात स्वतःहून, ठरवून, मोजून व्यायाम करणारा वर्ग आज हाच एक. पण तो परीक्षेचा अभ्यास आहे. दोन-तीन भरत्या हुकल्या, वय उलटलं, की बूट खुंटीला. पुढच्या दोन वर्षांत पोट सुटतं, कारण भूक मात्र धावण्याच्या काळातलीच राहते. आखाडा सोडलेल्या पैलवानाचं हेच होतं, आणि तिथेही गाव म्हणतं, 'कमावलेलं शरीर आहे.' कमावलेलं शरीर मुदतठेवीसारखं पडून राहत नाही. तिकडे लातूरला नीटच्या क्लासला गेलेली हुशार पोरं दिवसाचे बारा-चौदा तास खुर्चीला बांधलेली असतात, आणि त्यांचे बाप सांगतात, 'डॉक्टर झाल्यावर करंल व्यायाम.' डॉक्टरांची पोटं बघितली तर या भविष्याबद्दल शंका येते.

म्हाताऱ्यांच्या बाबतीत तर समजूत उलटी फिरते. 'आयुष्यभर कष्ट केले, आता बसून खावं.' ही माया आहे, पण ती पाय घेऊन जाते. सून सासूला उठू देत नाही. पाण्याचा तांब्या जागेवर, ताट जागेवर, मग कमोडची खुर्चीही जागेवर. आयुष्यभर मांडी घालून बसलेली, जमिनीवरून कशाचा आधार न घेता उठणारी बाई वर्षभरात भिंत धरून उठू लागते. क्लॉडिओ अराउजो या ब्राझिलच्या डॉक्टरांनी ५१ ते ८० वयाच्या दोन हजार माणसांना फक्त जमिनीवर बसून उठायला सांगितलं, हात-गुडघ्याचा आधार लागला की गुण वजा. २०१२ साली छापलेल्या त्या निष्कर्षात कमी गुणांच्या माणसांचे मृत्यू पुढच्या काही वर्षांत कितीतरी जास्त होते. ही परीक्षा आपल्या म्हाताऱ्या पंगतीला बसताना रोज देत होत्या. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि परीक्षाच रद्द झाली.

वय झाल्यावर स्नायू परत येत नाहीत, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी बोस्टनचं एक उदाहरण पुरे आहे. १९९० साली मारिया फियातारोने यांनी वृद्धाश्रमातल्या, सरासरी नव्वद वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे पायाने वजन उचलायला लावलं. पायांची ताकद सरासरी पावणेदोनशे टक्क्यांनी वाढली. म्हणूनच आज ६५च्या पुढच्यांना आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद यांचे व्यायाम सांगितले जातात : खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठणं, ओट्याला बोट टेकवून एका पायावर उभं राहणं, टाचा उचलणं. शेतातल्या जन्मभराच्या कष्टातून हा तोल शिल्लक राहतोच असं नाही. कष्टाने झिजलेल्या गुडघ्यांना त्याची गरज उलट जास्त असते. शेगावची पालखी परळी-अंबाजोगाईवरून पंढरपूरला जाते तेव्हा तिच्या वाटेवर सत्तरीचे पाय चालताना दिसतात. त्यांच्याकडे बघून 'देवाची कृपा' म्हणायचं आणि घरच्या सत्तरीच्या पायांना बाजेवरून उतरू द्यायचं नाही, हा कुठला न्याय?

आता शेवटचा मुद्दा, कागदाचा. आशाताई घरोघरी जाऊन तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक तक्ता भरतात, रक्तदाब-मधुमेहाची जोखीम ओळखण्यासाठी. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरातला आजार, आणि एक प्रश्न शारीरिक हालचालीचा : आठवड्यात १५० मिनिटं होते का? झाली तर शून्य गुण, नाही तर एक. बेरीज चारच्या वर गेली की तपासणीत आधी नंबर. मोळ्या वाहणाऱ्या बाईला इथे शून्य मिळतो, म्हणजे धोका नाही. मोबाइलवर मोटर चालू करणारा बागायतदारही 'रानात असतो की' म्हणतो, त्यालाही शून्य. धुणीभांडी करणारी सून, शून्य. जो तक्ता या तिघांना एकाच रकान्यात बसवतो त्याच्यात आशाताईंचा दोष नाही. प्रश्न ज्या टेबलावर तयार झाला तिथे आपलीच ही जुनी समजूत बसलेली होती. त्या प्रश्नाच्या खाली आणखी दोन ओळी छापायला फार शाई लागणार नाही. एक, दिवसात किती वजन किती वेळा उचलता? दुसरी, दमल्यावर थांबायचं की नाही हे कोण ठरवतं, तुम्ही की मुकादम?